हँडल उजवीकडे वळलं की

कुंभार पिंपळगाव,
रविवार दुपार

प्रिय सूरज,

जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईनं सकाळी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागून घेतली. पायल दवाखान्यात ड्यूटीवर आहे, तुझी वहिनी शेजारच्या लग्नाच्या कुरडया घालायला गेलीय. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून स्टुलावर बसलोय आणि बॅटरीच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितोय, म्हणून ओळी जरा वाकड्या येतील. फोन करता आला असता. तीनदा नंबर लावला आणि तीनदा कापला. फोनवर तू मला दोन मिनिटांत सोडून देतोस. "जाऊ दे ना दादा" म्हणतोस आणि लेकीच्या, साक्षीच्या हातात फोन देतोस. या वेळी मला तसं सुटायचं नाही. तेव्हा एका बैठकीत सगळं वाच, अर्ध्यात ठेवू नकोस.

पहिली बातमी म्हणजे आबांची बुलेट सुरू झाली. तेरा वर्षं ती दुकानाच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली होती, तू कधी आलास तरी त्या खोलीकडे बघायचा नाहीस, मीही तुला तिकडे नेलं नाही. संभाजीनगरहून जुन्या गाड्यांचे शौकीन दोनदा येऊन गेले. आईनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "माझ्या मालकाची गाडी हाय. मी हाय तवर हितून हालायची न्हाई." मग जानेवारीत पायलनं विषय काढला. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आजोबांची बुलेट पुढं पाहिजे, आणि चालवणार मी. आपल्या वस्तीत बुलेट आणणारे आबा पहिले, ते असेपर्यंत दर वर्षी निळा झेंडा लावून तीच गाडी सगळ्यांच्या पुढं असायची, हे तिनं आईकडून इतक्यांदा ऐकलंय की जणू तिनंच पाहिलंय. मी नाही म्हणालो. गाडी जुनी आहे, जड आहे, सामान मिळत नाही, असं बरंच काही सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, सामानाचं मी बघते. न्हाई का म्हणता, तेवढं सांगा." ते मला सांगता आलं नाही. म्हणून हो म्हणालो.

दोन महिने लागले. पुढच्या चाकाचे वाकलेले दांडे जालन्याला नेऊन सरळ करून आणले. टाकीत गंज धरला होता, तर खडी टाकून ती हलवत बसलो, खांदे भरून आले. कार्बोरेटर उघडून धुतला, पुढचं चाक आणि बॅटरी नवी घातली. वायरिंगला तेवढा हात लावला नाही. ते मीच केलेलं होतं. तुला आठवतं ना, जालन्याहून गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम शिकून आलो, हे दुकान टाकलं, आणि सगळ्यात आधी आबांच्या गाडीचं जुनं कुजकं वायरिंग काढून अख्खं नवं घातलं. त्यानंतर महिन्याभरातच ते सगळं झालं. आता मीटर लावून तपासलं तर एकेक तार बराबर होती. पायलला मी ते दाखवलंसुद्धा. म्हणालो, बघ, तेरा वर्षांपूर्वीचं काम आहे, एक गाठ सुटलेली नाही.

मार्चमध्ये तिनं गाडी चालवायला घेतली. दोन दिवस छान चालली, गल्लीतले म्हातारे आवाज ऐकून बाहेर यायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, अजून चांगलं ऊन होतं, तिचा फोन आला. दवाखान्यातून परत येताना बाजारातून आपल्या गल्लीत वळताना गाडी मध्येच मेली. मी चालत गेलो. किक मारली, पहिल्या किकला गाडी सुरू. घरापर्यंत चालवत आणली, काही नाही. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. पायल म्हणाली, "पप्पा, खरंच बंद पडल्ती." आणि मी म्हणालो, "गाडीला काही न्हाई. तूच क्लच लवकर सोडला असशील." आईनं सुपातून डोळे वर केले. आवाज न चढवता म्हणाली, "तवा बी हेच म्हणाल्तास." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

सूरज, तो दिवस तुला कुणी सांगायची गरज नाही. तरी मी लिहितो, कारण माझ्या तोंडून तो एकदाही नीट निघालेला नाही. फेब्रुवारी होता. तू आणि आई अंकुशनगरला मावशीकडे गेला होता. दुपारी चारच्या सुमाराला परत येताना आपल्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या जाऊ दिल्यास, रस्ता मोकळा बघितलास आणि उजवीकडे वळलास. रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पडली आणि समोरून जीप आली. आईच्या मांडीचं हाड मोडलं, तुझ्या कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या टपरीमागे ठेवलेली बुलेट मी पाहिली. पुढचा भाग वाकून हँडल अडकलेलं होतं, पण इंजिनला काही झालेलं नव्हतं. स्टँडवर लावून किक मारली, सुरू झाली. तासभर चालू ठेवली, एकदाही बंद पडली नाही. तिथून मी तडक जालन्याला दवाखान्यात आलो. आवारात लिंबाखाली आपली दहा-बारा माणसं बसली होती, तातेरावकाका होते, मावशीचे दीर होते. तू कपाळाला पट्टी बांधून उभा होतास आणि सांगत होतास की गाडी बंद पडल्ती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गाडीतलं कळणारा मीच. मी म्हणालो, "गाडी मी तपासली. गाडीत दोष न्हाई. दोष चालवणाऱ्यात हाय."

हे वाक्य मी बोललो. त्यानंतर गाडी बंद पडल्ती असं तू पुन्हा कधी म्हणाला नाहीस. एसटीच्या ड्रायव्हर भरतीचं बोलावणं तुझ्या खिशात होतं, तू चाचणीला गेला नाहीस. महिन्याभरात चाकणला निघून गेलास, पॅकिंगच्या कामाला. मी मनात म्हणालो, बरं झालं, ज्याला रस्ता नीट बघता येत नाही त्यानं बस न चालवलेली बरी. असंही म्हणालो मी, सूरज. तेही लिहून ठेवतो.

आईच्या त्या एका वाक्यानं मला झोपू दिलं नाही. सकाळी उठून गाडीला लागलो. आमच्या धंद्यात कायमचा फॉल्ट सोपा असतो. तार तुटली, दिवा लागत नाही, अर्ध्या तासात सापडते. वाईट असतो तो येऊन-जाऊन राहणारा फॉल्ट. गिऱ्हाइकाकडे असताना येतो, दुकानात आला की जातो, आणि मग गिऱ्हाईक खोटं ठरतं. मी पहिला संशय कंडेन्सरवर घेतला, कारण तो गरम झाला की दगा देतो आणि गार झाला की साळसूद होतो. नवा घातला. दोन दिवस गाडी चालली, तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकात मेली. मग बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगची तार सोडून पुन्हा आवळली. किल्लीला जड जुडगा अडकवून हलवून पाहिला, की स्विचमध्ये लूज आहे का. काहीच नाही. शेवटी ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलकडे करंट जातो त्या जागेवरून एक छोटा बल्ब काढला आणि टाकीवर चिकटपट्टीनं बसवला. चालवताना गाडी मेली आणि बल्बही विझला, तर दोष करंटच्या रस्त्यात आहे. बल्ब लागलेला राहिला तर दोष पुढं, कॉइल-प्लगकडे. मी स्वतः तो बल्ब बघत अंकुशनगरपर्यंत गेलो आणि परत आलो. सबंध रस्ता बल्ब काही विझला नाही.

परत येऊन फाट्यावर गाडी लावली आणि तिथल्या दगडावर बसलो. तिथं मला आमचे उस्ताद आठवले, जालन्याचे. कसलीही गाडी आली तरी पान्याला हात लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचे आणि विचारत बसायचे. गाडी किती चालली होती, चढ होता की उतार, कुठला हात काय करत होता. आम्ही शिकणारे हसायचो. ते म्हणायचे, "पहले सुनने का, बाद में खोलने का." तीन वर्षं मी त्यांच्याकडे हे ऐकलं. दुकानात आलेल्या परक्या माणसालासुद्धा मी हे सगळं विचारतो. आणि माझ्या सख्ख्या भावाला, कपाळाला पट्टी बांधून तो समोर उभा असताना, मी एक प्रश्न विचारला नाही. बंद पडली म्हणजे कशी, धडधडत की एकदम? तेव्हा तुझे हात कुठं होते? काही नाही विचारलं. मी तुझं आधी ऐकलं नाही, नंतर उघडलंही नाही, थेट निकाल देऊन टाकला.

घरी येऊन पायलला खुर्ची दिली. ती हसली, मग माझा चेहरा बघून खुर्चीवर बसली. म्हणालो, दोन्ही वेळा काय काय झालं ते सगळं सांग. ती नर्स आहे, पेशंटची हकीकत सांगावी तसं सांगितलं. दोन्ही वेळा गाडी दहा-पंधरा किलोमीटर चाललेली होती. दोन्ही वेळा वेग अगदी कमी होता. आवाज धडधडला नाही, दिवा घालवावा तसा गेला. आणि दोन्ही वेळा ती उजवीकडे वळत होती. एकदा गल्लीत, एकदा फाटकात. मी म्हणालो, साधं वळण की हँडल पार टोकापर्यंत? तिनं डोळे मिटून हात हवेत धरले आणि वळवून दाखवले. "पार टोकापर्यंत, पप्पा."

तिथंच मला उलगडलं. मोठ्या रस्त्यावर हँडल टोकापर्यंत कुणी वळवत नाही. आणि अपघातानंतर मी गाडी तपासली तेव्हा हँडल वाकून अडकलेलं होतं, ते वळूच शकत नव्हतं. हँडल वळल्यावरच जो दोष दिसणार होता, तो मी अडकलेल्या हँडलावर शोधला होता. तरी खात्री करायची म्हणून दुकानात गार गाडीवर हँडल उजवीकडे दाबून पाहिलं, बल्ब लागलेलाच. मग गाडी पंधरा किलोमीटर फिरवून गरम करून आणली, दारातच स्टँडवर लावली, इंजिन चालू ठेवलं, आणि हळूहळू हँडल उजवीकडे नेलं. टोकाला गेलं आणि आवाज एकदम बंद. बल्ब विझला. हँडल सरळ केलं, बल्ब लागला. पुन्हा वळवलं, विझला. पायल शेजारी उभी होती. मी हे किती वेळा केलं ते मला माहीत नाही. तिनं शेवटी माझा हात धरला.

हेडलाइट उघडला, हँडलाच्या मानेतून खाली जाणारा तारांचा जुडगा सोडवला. कॉइलकडे जाणाऱ्या तारेला मानेच्या मागं एक जोड होता. काळी टेप, आणि टेपच्या शेवटाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. अशी गाठ त्या काळात मीच मारायचो, उन्हात टेप सुटू नये म्हणून. टेप उलगडली तर आतल्या चौदा केसाएवढ्या तारांपैकी अकरा तुटलेल्या, टोकं हिरवी पडलेली. उरलेल्या तीन जोडात नुसत्या टेकलेल्या होत्या. जोडाच्या खालीच ती तार मी चेसीच्या नळीला पट्टीनं घट्ट बांधलेली. हँडल उजवीकडे गेलं की तिला ताण पडायचा, गरम होऊन वरचं कव्हर मऊ झालेलं असलं की आतली टोकं सुटायची. हँडल सरळ झालं की पुन्हा टेकायची. आणि हा जोड का दिला, तेही मला तिथंच आठवलं. त्या दिवशी माझ्याकडचं बंडल संपलं आणि तार चार बोटं कमी पडली. नवी तार आणायला जालन्याला जावं लागणार होतं. कंटाळा केला. तुकडा जोडला, ओढून बसवला, बांधून टाकला. तू बाहेर उभा राहून विचारत होतास, दादा झालं का, आणि मी म्हणालो, झालं, ने.

म्हणजे सूरज, दोष चालवणाऱ्यात नव्हता. दोष गाडीतही नव्हता. दोष माझ्या हातात होता, आणि तोच हात तुझ्याकडे करून मी दहा-बारा माणसांसमोर बोललो होतो.

आईला सांगायला गेलो तेव्हा ती ओसरीवर पाय पसरून बसली होती. मी तिच्या पायाशी बसलो, तो कापलेला तुकडा तिच्या हातात दिला, सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं तार उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "सूरजला सांगितलं का?" मी म्हणालो, आई, तू मागं बसलेली होतीस, तुला तर माहीत होतं, मग तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले की. तीन बार बोलले. तू म्हणलास, माय हाय, पोराला झाकायली." मला ते आठवतही नव्हतं. मग तिनं मला तो दिवस सांगितला, आणि तेरा वर्षांत मी तिलाही तो कधी विचारला नव्हता. आवाज आधी थांबला, जीपचा हॉर्न नंतर आला, असं ती सांगते. तू दोनदा किक मारलीस. जीप दिसल्यावर तुला उडी मारून पळता आलं असतं. तू पळाला नाहीस. गाडी सोडून तू वळलास, आईला दोन्ही हातांनी कवेत घेतलंस आणि रस्त्याच्या कडेकडे ओढलंस. म्हणून मांडीवर निभावलं. "न्हाईतर मी कुठली बसते हितं," असं म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही, सूरज. मला तेवढंही सोपं झालं नाही.

चौदा एप्रिलला मिरवणूक निघायच्या आधी विहारात वंदना झाली. ती संपल्यावर मी उभा राहिलो. बोलायची सवय नाही. तो तारेचा तुकडा रुमालात नेला होता, तो वर धरला आणि दवाखान्याच्या आवारात मी जे बोललो होतो ते सगळ्यांसमोर मागं घेतलं. कुणाचा जोड, कुणाचा कंटाळा, काही झाकलं नाही. त्या दिवशीच्या माणसांपैकी चार आता नाहीत. जे आहेत त्यांनी ऐकलं. तातेरावकाका आता काठी घेऊन चालतात. ते उठून माझ्याजवळ आले, तार हातात घेतली आणि म्हणाले, "आमाला सांगून काय करून राह्यला? ज्याला सांगायचं त्याला सांग." मग मिरवणूक निघाली. मी नवी अखंड तार घातली होती, हँडल वळायला भरपूर ढील ठेवून. पायलनं निळा झेंडा लावला, किक मारली, आणि मागं वळून पाहते तो आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन सीटकडे येत होती. अपघातानंतर ती कुठल्याच दोन चाकीवर बसलेली नाही, तुला माहीत आहे. मी म्हणालो, आई, कशाला. ती म्हणाली, "धर मला नीट." चौकात मिरवणूक उजवीकडे वळते तिथं मी पुढं पळत गेलो. पायलनं हँडल टोकापर्यंत वळवलं, आणि आवाज कुठंही तुटला नाही. आईनं हात वर केला होता.

हे सगळं मी तुला भेटीतही सांगितलं असतं, सुट्टीत तू येशील तेव्हा. दिवस ढकलतच होतो. पण परवा अक्षताचा पायलला फोन आला होता. काकू-पुतणीच्या गप्पांत अक्षता हसून म्हणाली, तुझे काका अजब आहेत. साक्षीला शाळेत सोडायला माझी स्कूटी नेतात, आणि रस्ता ओलांडायचा आला की आधी साक्षीला उतरवून कडेला उभी करतात, स्कूटी बंद करतात, चालत ढकलत पलीकडे नेतात, मग परत येऊन तिला हात धरून नेतात. रोज. पावसात पण. मागचे हॉर्न वाजवतात तरी ऐकत नाहीत. तिला कारण माहीत नाही, तू तिला सांगितलेलंच नाहीस. पायलनं मला सांगितलं आणि मी जेवणावरून उठलो. सूरज, तेरा वर्षं तू मला एका शब्दानं बोलला नाहीस, आणि मी समजत होतो की तू विसरलास. तू माझं ते वाक्य खरं धरून बसलास रे. पाकिटात तो तारेचा तुकडा घातलाय. अक्षताला दाखव, तिला सगळं सांग. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ, घाई नाही. पण उद्या सकाळी शाळेच्या रस्त्यावर साक्षीला खाली उतरवू नकोस. दोन्हीकडे बघ, तू नेहमीच बघायचास, आणि तिला घेऊन बसल्या बसल्या पलीकडे जा.

उत्तर आलं नाही तरीही तुझाच,
कडूबादादा